चूल, उंबरा, खाते, कोयता : नांदेड-लातूरच्या मुलखात ‘कुटुंब’ कोणी मोजले?

मराठवाड्यातल्या खेड्यात जेवणाचे आवतण दोन तऱ्हांनी दिले जाते. ‘घरटी एक’ म्हटले, की त्या घरातून एका माणसाने पंगतीला यायचे. ‘चूलबंद’ म्हटले, की त्या दिवशी त्या घरात चूल पेटायची नाही. म्हातारीपासून तान्ह्यापर्यंत सगळ्यांनी जेवायला यायचे.

म्हणजे आवतण देणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असावी लागते : या वाड्यात घरे किती? दरवाजा एक, आड एक, देवघर एक. पण दोन भावांच्या चुली वेगळ्या झाल्या असतील तर आवतणेही दोन. एक विसरले, तर तो रुसवा पुढची दोन लग्ने पुरतो. सप्ताहाची वर्गणी उंबऱ्यामागे गोळा होऊ लागली, की मात्र तेच दोघे भाऊ एकाच उंबऱ्याचे होतात!

यात हसण्यासारखे काही आहे खरे. पण एका छपराखाली कुटुंबे किती, या प्रश्नाच्या उत्तरावर या मुलखात जमिनी राहिल्या आणि गेल्या, विधवांना वारसा मिळाला आणि नाकारला गेला, भूकंपानंतर कोणाला किती चौरस फुटांचे घर मिळायचे तेही ठरले. उत्तर कधीच एक नव्हते. ते विचारणाऱ्याप्रमाणे बदलत गेले.

मराठीने या गुंत्याची दखल शब्दांतच घेतली आहे. घर, घराणे, कुळ, खटले, बिऱ्हाड, चूल, उंबरा, कुटुंब; यांतला एकही शब्द दुसऱ्याच्या जागी नेमका बसत नाही. खटले म्हणजे एकत्र नांदणारा मोठा पसारा. बिऱ्हाड म्हणजे पाठीवर घेऊन हिंडता येईल असे घर. उंबरा गाव मोजतो, ‘दीडशे उंबऱ्यांचे गाव’. वेगळी चूल मांडली, की माणूस विभक्त झाला, मग तो त्याच भिंतीआड का राहीना. आणि ‘कुटुंब’ या शब्दाचा जुन्या बोलीतला अर्थ आणखी निराळा : ‘आमचे कुटुंब’ म्हणजे बायको. जिच्या नावाने घर ओळखले गेले, तिची त्या घराच्या मालकीत गणना नव्हती. ही विसंगती पुढे पुन्हा पुन्हा भेटते.

प्रथम ‘घराणे’. नवव्या-दहाव्या शतकात दख्खनवर राज्य करणाऱ्या राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कर्नाटकातले मळखेड. तरीही त्यांच्या लेखांत ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ हे बिरुद येते : लट्टलूर या श्रेष्ठ नगराचा स्वामी. हे लट्टलूर म्हणजेच लातूर, असे अभ्यासक मानतात. पुढे सौंदत्तीच्या रट्टांनीही हेच बिरुद मिरवले.

राज्य एकीकडे, राजधानी एकीकडे, आणि घर तिसरीकडे. राजघराण्याच्या लेखी घर म्हणजे सध्याचा मुक्काम नव्हे. आपण कुठले, हे सांगणारे गाव म्हणजे घर. हैदराबादेत किंवा पुण्यात तीन पिढ्या काढूनही औसेकर, देगलूरकर, निलंगेकर, कंधारकर ही आडनावे सुटत नाहीत, त्यामागेही हीच रीत आहे. राष्ट्रकूटांचे बिरुद एवढ्या अर्थाने एक भारदस्त आडनावच म्हणावे.

घराण्याचा हा अर्थ अभिमानाचा. मालमत्तेचा अर्थ ठरला तो लातूर जिल्ह्याच्या दक्षिण सीमेपलीकडे, कल्याणीत. आज ते बीदर जिल्ह्यातले बसवकल्याण. तिथे चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य (इ. स. १०७६ ते ११२६) याच्या काळात विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर टीका लिहिली. नाव ‘मिताक्षरा’, म्हणजे मोजक्या अक्षरांची. लेखक परिव्राजक, संन्यासी. ज्याने स्वतः घर सोडले, त्याने लिहिलेले घराचे नियम पुढची नऊ शतके भारताच्या बहुतेक भागांतल्या हिंदू घरांना बांधून राहिले.

नियमाचा गाभा थोडक्यात असा. वडिलोपार्जित मिळकतीत मुलाचा हक्क बापाच्या मृत्यूने निर्माण होत नाही. तो जन्मानेच होतो. बाप, मुलगा, नातू, पणतू हे त्या मिळकतीचे सहभागी. म्हणून बाप एकटा मालक नाही, तो कर्ता, सांभाळणारा. बंगालात जीमूतवाहनाच्या ‘दायभागा’ने याच्या उलट रीत घातली. तिथे बाप हयात असेपर्यंत मुलाला हक्क नाही. एकाच धर्मशास्त्रातून घराच्या दोन व्याख्या निघाल्या. १८१० मध्ये कोलब्रुकने हे दोन्ही भाग इंग्रजीत आणले, आणि पंडितांचा मतभेद कोर्टांचा कायदा होऊन बसला.

जन्मसिद्ध हक्काच्या या साखळीत मुलगी नव्हती. पत्नीही नव्हती. पण विज्ञानेश्वरावर सरसकट ठपका ठेवण्याआधी त्याचा एक युक्तिवाद वाचायला हवा. निपुत्रिक माणूस वारला तर त्याची संपत्ती भावांकडे न जाता विधवेला मिळावी, अशी बाजू त्याने हिरिरीने मांडली आहे. अट एकच : तो माणूस आपल्या भावांपासून विभक्त झालेला असावा, आणि पुन्हा एकत्र झालेला नसावा.

ही अट या विषयाचे मर्म आहे. नवरा मेला त्या दिवशी घरात चूल एक होती की दोन, यावर विधवा मालकीण होणार की दिराच्या घरची पोटावारी राहणारी बाई, हे ठरणार. पुढे शतकानुशतके वारसाच्या कज्ज्यांत ‘वाटणी झाली होती काय?’ हा प्रश्न साक्षीदारांना पुन्हा पुन्हा विचारला गेला. स्वयंपाक वेगळा होता का, हिशेब वेगळा होता का, देवाचे कुळाचार वेगळे होते का. घरातल्या भांड्यांची मांडणी न्यायालयात पुरावा झाली.

आता गोदावरीकाठी. १७०८ साली नांदेडात घडलेली घटना सहसा शीख इतिहासातली म्हणून वाचली जाते. ती कुटुंबाच्या इतिहासातलीही आहे. चौथे गुरू रामदास यांच्यापासून गुरुपद सोढी घराण्यातच राहिले होते. दहावे गुरू गोबिंदसिंग नांदेडला आले तेव्हा त्यांचे चारही पुत्र मारले गेले होते. इथे देह ठेवण्यापूर्वी त्यांनी गुरुपद कोणत्याही नातेवाइकाला न देता ग्रंथसाहिबाला दिले. देहधारी गुरूंची परंपरा, आणि तिच्याबरोबर वारशाचा प्रश्न, नांदेडात संपला.

आणि त्याच वेळी दुसऱ्या तऱ्हेचे एक घर उभे राहिलेले होते. खालशाची दीक्षा घेणारा पुरुष सिंग, स्त्री कौर. त्यांचा पिता गुरू गोबिंदसिंग आणि माता साहिब देवान, असे मानले जाते. माता साहिब देवान यांचे स्मारक असलेला गुरुद्वारा नांदेडजवळ मुगटला आहे. रक्ताचे नाते नाही, वाटणी नाही, कर्ता नाही. चूल मात्र आहे, आणि ती लंगरची. विज्ञानेश्वराच्या व्याख्येत हे घर कुठेच बसत नाही. ‘एका चुलीवर जेवतात ते एका घरचे’ या खेड्यातल्या व्याख्येत सहज बसते.

निजामी राजवटीत ‘घर’ या शब्दाने आणखी एक टोक गाठले. हैदराबाद संस्थानाची जमीन एकाच प्रकारची नव्हती. सरकारी महसुलाची ती दिवाणी; सरदारांची ती जहागीर; पायगाह घराण्यांची ती पायगाह, जसे गुंजोटी आणि लोहारा; आणि निजामाच्या स्वतःच्या घरखर्चाची ती ‘सर्फ-ए-खास’. संस्थानाच्या एकूण क्षेत्राचा सुमारे दहावा हिस्सा या शेवटच्या प्रकारात होता. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातला बराच मुलूख सर्फ-ए-खासच होता, आणि आजचा लातूर जिल्हा १९८२ मध्ये त्या जिल्ह्यातूनच वेगळा झाला.

याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. या गावांतल्या शेतकऱ्याने भरलेला सारा राज्याच्या तिजोरीत नव्हे, एका माणसाच्या घरखर्चात जमा होई. मुदपाकखाना, जनानखाना, नोकरचाकर, आश्रित, असे एक घर. आणि त्या घराच्या पोटात हजारो घरे. मराठी राज्यांतही अशी सोय होती, तिला ‘खासगी’ म्हणत. होळकरांच्या खासगीतून अहिल्याबाईंनी देशभर घाट आणि देवळे बांधली, हे सर्वांना ठाऊक आहे. खासगी चांगल्या हाती पडली तर घाट होतात. पण ती कोणाच्या हाती पडावी हे रयतेच्या हाती नसते.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आले. फेब्रुवारी १९४९ मध्ये सर्फ-ए-खास दिवाणीत विलीन झाला. त्याच वर्षी जहागिऱ्याही रद्द झाल्या. निजामाला वर्षाला ५० लाख रुपये तनखा, सर्फ-ए-खासच्या बदल्यात २५ लाख आणि राजवाड्यांच्या देखभालीसाठी आणखी २५ लाख ठरले. राज्य आणि घर यांच्या हिशेबाच्या वह्या प्रथमच वेगळ्या झाल्या. एका अर्थाने ही मराठवाड्यातली सर्वांत मोठी वाटणी.

याच काळातली शब्दांची एक जोडी मोठी बोलकी आहे. शिरगणतीला जुन्या मराठीत ‘खानेसुमारी’ म्हणत. खाना म्हणजे घर, शुमार म्हणजे मोजणी. हैदराबादच्या सरकारी उर्दूत तिला ‘मर्दुमशुमारी’ म्हणत, मर्दुम म्हणजे माणसे. एकच काम; एक शब्द घरे मोजतो, दुसरा माणसे. घर मोजावे की माणूस, हा वाद पुढे रोजगाराच्या कायद्यात पुन्हा उभा राहणार होता.

नव्या सरकारला जमिनीचे फेरवाटप करायचे होते आणि त्यासाठी कुटुंबाचे माप हवे होते. हैदराबादचा कूळ व शेतजमीन कायदा १९५० चा. (इथे ‘कूळ’ म्हणजे जमीन कसणारा खंडकरी, वंश या अर्थाचे ‘कुळ’ आणि हे ‘कूळ’ एकाच घरचे शब्द आहेत, आणि कुळकर्ण्याचे आडनावही तिथलेच.) या कायद्याने पुढच्या दुरुस्तीत ‘कुटुंब-धारणा’ ही कल्पना आणली : पाच माणसांचे कुटुंब स्वतः कसू शकेल, आणि खर्चासाठी निम्मे वजा जाता वर्षाला ८०० रुपयांचे उत्पन्न देईल, एवढी जमीन. कमाल मर्यादा त्याच्या साडेचार पट.

पाच माणसे! गावात कोणाच्याही वाड्यात डोकावले असते तर पाच माणसे एका पंगतीलाही पुरली नसती. पण कायद्याला सरासरी घर हवे होते, आणि ते त्याने कागदावर बांधले. महाराष्ट्राच्या जमीन कमाल मर्यादा कायद्यातही, जो १९६१ चा आणि १९७५ मध्ये अधिक कडक झाला, पाच हाच आकडा पुन्हा आला. कुटुंब म्हणजे नवरा, बायको, अज्ञान मुलगे आणि अज्ञान अविवाहित मुली. पाचांहून अधिक असतील तर माणशी पाचवा हिस्सा जादा, पण एकूण दुपटीच्या आतच. कोरडवाहू जमिनीची मर्यादा ५४ एकर.

व्याख्या ठरली, की लोक तिच्याप्रमाणे घरे कापतात. मोठ्या धारकांच्या घरी एकाएकी वाटण्या झाल्या. काल एका ताटात जेवणारे बापलेक आज कागदावर परके. कायदा करणाऱ्यांनाही हे ठाऊक होते. म्हणूनच २६ सप्टेंबर १९७० नंतरची हस्तांतरे कायदा चुकवण्यासाठी झाली, असे धरून चालण्याचे कलम घालावे लागले. या साऱ्या कागदी फाटाफुटीत सज्ञान मुलगा स्वतःच्या हिश्शाचा धारक म्हणून दाखवता येई. मुलीला जन्मसिद्ध हिस्साच नव्हता; तिच्या नावाने जमीन वाचवण्याचेही कोणाला सुचण्याचे कारण नव्हते.

छोट्या शेतकऱ्यांच्या घरी उलट चालले. तिथे वाटणी चुलीवर होई आणि कागदावर होत नसे. जुना सातबारा उघडला तर खातेदाराच्या नावापुढे ‘ए. कु. मॅ.’ ही तीन अक्षरे सापडतात : एकत्र कुटुंब मॅनेजर. काही ठिकाणी ‘ए. कु. पु.’, म्हणजे पुढारी. थोरल्या भावाचे नाव लागले, बाकीचे भाऊ ‘घरचेच’ म्हणून राहिले. बहिणींची नावे लागली तर बहुधा ‘इतर हक्क’ या रकान्यात. विज्ञानेश्वराचा कर्ता तलाठ्याच्या दप्तरात मॅनेजर झाला. थोरला भाऊ वारला आणि त्याच्या मुलांनी जमीन आपलीच म्हटली, की ही तीन अक्षरे शोधत धाकट्यांची मुले तहसीलच्या फेऱ्या घालू लागतात.

हे सगळे गुंते एका रात्रीत एकत्र उघडे पडले. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून लोक उशिरा झोपलेले. किल्लारी आणि आसपासच्या गावांत भूकंपाने सुमारे आठ हजार माणसे दगावली. मारले ते मुख्यतः घरांनीच. मातीत रचलेल्या दगडांच्या रुंद भिंती, वर लाकडी तुळयांवर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारे, खटल्याला पुरणारे, प्रतिष्ठेचे घर.

बावन्न गावे नव्या जागी वसवायची ठरली. जागतिक बँकेच्या मदतीने मोठा कार्यक्रम आखला गेला. आता पुन्हा तोच प्रश्न : घर कोणाला, आणि केवढे? निकष जमिनीचा ठरला. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्यांना २५० चौरस फूट. एक ते सात हेक्टरवाल्यांना ४००. सात हेक्टरांच्या वर ७५०.

या निकषाचा अर्थ उदाहरणाने चांगला कळतो. समजा, चार भावांचे आठ हेक्टरांचे एकत्र खाते आहे. खाते एक धरले तर ते सर्वांत वरच्या गटात जाते, म्हणजे ७५० चौरस फुटांचे एक घर. खाती चार धरली तर प्रत्येकी दोन हेक्टर, मधला गट, म्हणजे ४०० चौरस फुटांची चार घरे, एकूण १६००. केवळ गणिताने पाहिले तर एकत्र राहणाऱ्या घराचे निम्म्याहून अधिक क्षेत्र एकत्र राहण्यामुळेच जाते. आणि ज्याला जमीनच नाही, त्याच्या घरात दहा माणसे असोत की दोन, माप २५० चे. माणसे मोजली गेली नाहीत. माणसांच्या मागे असलेली माती मोजली गेली.

हा निकष निव्वळ अन्यायाचा होता, असे म्हणणे मात्र घाईचे ठरेल. ढिगाऱ्यात कागद गेलेले, माणसे गेलेली, हिवाळा तोंडावर आलेला. अशा वेळी तपासता येईल असा काही आधार हवा होता, आणि सातबारा तालुक्याच्या दप्तरात शाबूत होता. पण त्या सोयीची किंमत मोजावी लागली. नवी गावे आखीव चौकटींत, रुंद रस्त्यांची, वेगवेगळ्या घरांची झाली. चौसोपी वाड्यात चौक होता, तिथे पापड वाळत, म्हाताऱ्यांवर सर्वांची नजर असे, सुना कामे वाटून घेत. नव्या घरांत एक आईबाप आणि त्यांची मुले, एवढेच बसत होते. आधी नकाशात कुटुंब लहान झाले, मग माणसांत.

नव्या घरांच्या आखणीचे ते दिवस असतानाच, मुंबईत कायदेमंडळाने त्याच घराची दुसरी भिंत पाडली. हिंदू वारसा कायद्यातील महाराष्ट्राची दुरुस्ती २२ जून १९९४ पासून लागू झाली. मुलगीही आता जन्माने सहभागी, मुलाइतकीच. मात्र त्या तारखेआधी जिचे लग्न झाले ती वगळली. दोन सख्ख्या बहिणी. एकीचे लग्न मे महिन्यात, दुसरीचे पुढच्या वर्षी. धाकटी माहेरच्या घरची, थोरली नव्हे.

९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने लग्नाची ही अट संपवली, आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की दुरुस्तीच्या दिवशी बाप हयात असण्याचीही गरज नाही. हक्क जन्माचा आहे. म्हणजे विज्ञानेश्वराचे तत्त्व कायम राहिले. बदलला तो फक्त ‘कोणाचा जन्म’ याचा अर्थ. मधल्या नऊशे वर्षांत तेवढे कोणाला सुचले नव्हते.

कागदावरचा हक्क घरात पोचतो तेव्हा त्याला ‘हक्कसोड पत्र’ भेटते. बापाच्या दिवसपाण्यानंतर भाऊ बहिणीला तहसिलीला घेऊन जातो, सही होते, साडीचोळी होते. माहेर तुटू नये म्हणून जमीन सोडायची. कायद्याने तिला घरात घेतले. घरात राहण्याची किंमत म्हणून ती त्यातून बाहेर पडते.

आता खानेसुमारी आणि मर्दुमशुमारीचा तो जुना वाद. महाराष्ट्राची रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळाच्या दिवसांत आकाराला आली, वि. स. पागे तिचे प्रणेते. तिचा कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. त्यात हमी होती ती ग्रामीण भागातल्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीला. सासू, सून, दीर, कोणीही स्वतःच्या नावाने काम मागावे. बांधावर, तलावावर, खडी फोडायला बाया मोठ्या संख्येने आल्या.

२००५ चा केंद्राचा कायदा आला, आणि नांदेड हा त्याच्या पहिल्या टप्प्यातल्या जिल्ह्यांपैकी एक होता. २ फेब्रुवारी २००६ पासून तो लागू झाला. या कायद्यात हमी होती ती कुटुंबाला : वर्षाला १०० दिवस. कुटुंब म्हणजे रक्ताने, लग्नाने किंवा दत्तकाने जोडलेले, एकत्र राहणारे, एकत्र जेवणारे किंवा एकाच शिधापत्रिकेवरचे. महाराष्ट्राने शंभरच्या पुढचे दिवस आपल्या निधीतून देण्याची सोय ठेवली, हे खरे. तरी हमीचे माप बदलले. आधी सुनेला विचारायचे होते फक्त स्वतःला. आता शंभर दिवसांतले किती तिच्या वाट्याला, हे घरात ठरू लागले. ‘कुटुंबाला दिले’ असे सरकार म्हणते, तेव्हा कुटुंबात कोणाच्या हाती पडले हा प्रश्न दाराबाहेरच राहतो.

आणि मग पुन्हा चुली वेगळ्या होतात. शिधापत्रिका फोडली तर शंभराचे दोनशे होत. २०१७ च्या कर्जमाफीत मर्यादा कुटुंबामागे दीड लाख, आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको, अठरा वर्षांखालची मुले. पीएम-किसानचे वर्षाला सहा हजार, तेही अशाच कुटुंबाला. विज्ञानेश्वराचे चार पिढ्यांचे घर सरकारी अर्जावर दोन पिढ्यांचे झाले, आणि त्यासाठी एकही धर्मसभा भरवावी लागली नाही.

सर्वांत लहान माप अजून राहिले. मुखेड, कंधार, जळकोट, अहमदपूर या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातून दिवाळीच्या सुमारास माणसे ऊसतोडीला निघतात. मुकादम माणसे मोजत नाही, घरेही मोजत नाही. तो ‘कोयते’ मोजतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. नवरा तोडणार, बायको मोळ्या बांधून डोक्यावरून वाहणार. किंवा दोघेही दोन्ही करणार. उचल कोयत्यामागे मिळते, हिशेब टनावर होतो, आणि पैसे सहसा नवऱ्याच्या हाती पडतात. एकटा माणूस म्हणजे ‘अर्धा कोयता’. जोडी पुरी व्हावी म्हणून पोरांची लग्ने लवकर उरकली जातात, हे या पट्ट्यातले उघड सत्य आहे.

जनगणनेची व्याख्या याहून उदार आहे. एरवी एकत्र राहणारे आणि कामाच्या निकडीने अडले नाही तर एकाच स्वयंपाकघरातले जेवणारे, ते एक कुटुंब. ‘कामाच्या निकडीने अडले नाही तर’ या शब्दांत मराठवाड्याचे अर्धे घर मावते. २०११ ची माणसे मोजली गेली ती ९ ते २८ फेब्रुवारीत. ऊसतोडीचा भर तेव्हा ओसरलेला नसतो. म्हातारी आणि शाळकरी नातवंडे गावात, मुलगा-सून फडावरच्या कोपीत. थोडी ऐपत असलेल्या घरी आणखी एक तुकडा : पोराच्या बारावीसाठी लातुरात खोली करून राहिलेली आई. तेही बिऱ्हाडच. चुली तीन, सातबारा एक, त्यावर वारलेल्या आजोबांचे नाव आणि पुढे ‘ए. कु. मॅ.’

आणि फडावर जाणाऱ्या कोयत्यातला नवरा वारला, तर? जमीन एकत्र खात्यात, म्हणून तिचा हिस्सा वेगळा दाखवलेला नाही. शिधापत्रिका सासऱ्याच्या नावाची. रोजगाराचे कार्ड कुटुंबाचे. पुढच्या दिवाळीला ती मुकादमाकडे काम मागायला जाते, तेव्हा तो नाव लिहिण्याआधी विचारतो : जोडीला कोण?